स्टेअरिंगचा आवाज स्प्रे मारून दाबू नका

‘स्टेअरिंग वाजतंय? पाच मिनिटांत घरीच बंद करा’ हा मेसेज सध्या ग्रुपाग्रुपांत फिरतोय. काल धाकट्या मेव्हण्याने तो मला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘रविवारी करून बघतो.’ म्हणून रविवारच्या आत हे लिहितोय.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं. स्टेअरिंग वाजतं ते आतलं ग्रीस सुकल्यामुळे, त्यात धोका काही नसतो. हॉर्नचं पॅड स्क्रूड्रायव्हरने उचकटा, आत आणि खाली कॉलमवर, म्हणजे स्टेअरिंगपासून खाली जाणाऱ्या दांड्यावर, गंज काढायचा स्प्रे मारा. गाडी उभी ठेवून स्टेअरिंग दोन्ही टोकांपर्यंत जोरात वीस वेळा फिरवा. पॉवर स्टेअरिंगचं ऑइल भरा. सर्व्हिस सेंटरला जाऊ नका, ते अख्खा कॉलम बदलायला लावतात.

आधी हॉर्नचं पॅड, कारण जिवाशी खेळ तिथे आहे. ते पॅड म्हणजे एअरबॅगचं झाकण. १ जुलै २०१९ पासून आपल्याकडे नव्या कारला ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची आहे, आणि त्याआधीच्याही पुष्कळ गाड्यांना ती आहे. झाकणामागे विजेच्या इशाऱ्यावर क्षणात पेटणारं रसायन असतं आणि तुमचं तोंड त्याच्यासमोर हातभर अंतरावर. जाणता मेकॅनिक आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढतो आणि मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबतो, कारण वायर काढल्यावरही एअरबॅगच्या मॉड्यूलमध्ये थोडा वेळ चार्ज उरतो. मेसेजमध्ये बॅटरीचं नावसुद्धा नाही!

त्याच पॅडमागे, स्टेअरिंगच्या मुळाशी, क्लॉक स्प्रिंग असते. एअरबॅग आणि हॉर्नची जोडणी नेणारी ही चपटी, गुंडाळलेली पट्टी स्टेअरिंगबरोबर उलगडते आणि गुंडाळते. वळवताना स्टेअरिंगच्या चाकाच्या अगदी जवळून सरसर आवाज येत असेल तर बहुतेक तीच घासतेय. तिला स्प्रे लागत नाही, ती बदलावी लागते. चुकीची बसली किंवा तुटली तर डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागून राहतो, आणि धडक झाली तर एअरबॅग उघडेलच असं नाही.

आता ‘धोका काही नसतो’. नोव्हेंबर २०१२ मध्ये टोयोटाने जगभरातल्या २७ लाखांहून जास्त गाड्या परत बोलावल्या. त्यातल्या बहुतेकांचं कारण स्टेअरिंगचा मधला शाफ्ट, म्हणजे कॉलमला खालच्या रॅकशी (पुढची चाकं वळवणाऱ्या भागाशी) जोडणारा दांडा. काही शाफ्ट हवे तितके कडक झाले नव्हते. अशा गाडीत कमी वेगात स्टेअरिंग वारंवार जोराने टोकापर्यंत फिरवलं, तर शाफ्टचे दाते दबून प्ले (सैलपणा) वाढतो आणि पुढे ते झिजून स्टेअरिंगवरचा ताबाच जाऊ शकतो, असं कंपनीनेच सांगितलं होतं. जे केल्याने दाते झिजतात तेच हा मेसेज वीस वेळा करायला सांगतोय. दाते चांगले असले तरी गाडी उभी असताना असं केल्याने इलेक्ट्रिक स्टेअरिंगची मोटर तापते, टायर घासले जातात, ते वेगळंच.

ऑइलबद्दल फार लिहीत नाही. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांचं स्टेअरिंग इलेक्ट्रिक असतं, त्यात ऑइल नसतंच. ते शोधत बसलेल्याने चुकून ब्रेक ऑइलच्या डबीत भलतं तेल ओतलं तर आतले रबरी सील फुगून ब्रेक जातील. हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणारं स्टेअरिंग असलेल्या गाडीत ऑइल कमी झालं असेल तर गळती शोधायची.

मेसेजमधलं एक मान्य करावं लागेल. कॉलम जिथे इंजिनकडे जातो तिथलं रबर कोरडं पडून कुरकुरतं, आणि सिलिकॉन ग्रीस लावल्यावर ते थांबतं. पण ग्रीस, स्प्रे नव्हे. पातळ स्प्रे जुनं ग्रीस धुऊन काढतो, चार दिवस शांतता मिळते आणि झीज आत चालू राहते. अख्खा कॉलम माथी मारण्याची तक्रारही अगदीच खोटी नाही. ह्युंदाई आणि कियाच्या बऱ्याच गाड्यांत कॉलमवरच्या मोटरपाशी छोटं रबरी कपलिंग (जोड) असतं. ते झिजलं की स्टेअरिंग जरासं डावी-उजवीकडे हलवताच टकटक येते. कपलिंग स्वस्त असतं, पैसे लागतात ते कॉलम उतरवायच्या मजुरीला. म्हणून कोटेशन हातात आल्यावर ‘नेमका कुठला भाग गेलाय, तो सुटा मिळतो का’ हे विचाराच.

घरी करायचंच असेल तर आवाज कुठून येतो ते शोधा. गाडी सपाट जागी उभी करा, हँडब्रेक लावा. एकाने स्टेअरिंग हळू फिरवावं, दुसऱ्याने पुढच्या चाकामागच्या स्प्रिंगवर वरच्या बाजूला हात ठेवावा. स्प्रिंग अडकून टणकन सुटत असेल तर सस्पेन्शनच्या वरच्या माउंटचं बेअरिंग गेलंय, कॉलमचा दोष नाही. फक्त खड्ड्यांत खडखडत असेल तर लिंक रॉड (सस्पेन्शनचा छोटा दांडा), टाय रॉड एंड (रॅकला चाकाशी जोडणारं टोक) किंवा मधल्या शाफ्टचा जॉइंट. पूर्ण वळवून गाडी पुढे नेताना कटकट येत असेल तर अ‍ॅक्सलचा बाहेरचा जॉइंट.

आणि स्टेअरिंग फिरवूनही चाकं हलण्याआधी मोकळा प्ले जाणवत असेल, तर गाडी चालवून गॅरेजला नेऊ नका, उचलून न्यायला सांगा. कंपनीच्या वेबसाइटवर चॅसी नंबर टाकून तुमच्या गाडीला रिकॉल आहे का, म्हणजे दोषामुळे कंपनीने ती परत बोलावली आहे का, तेही बघा. असला तर ते काम फुकट होतं.