वहिनी, आधी ती बाटली खाली काढा

परवा दिवेलागणीला वहिनी वृंदावनापाशी फवाऱ्याची बाटली घेऊन उभ्या होत्या. नाकाला पदरसुद्धा नाही, आणि पायाशी पाच वर्षांची पुतणी. काय मारून राहिल्या म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "तुळशीले पिठ्या ढेकून झाला ना जी. ग्रुपवर औषध आलं होतं. दोनच थेंब टाकले." पिठ्या ढेकूण म्हणजे पांढऱ्या पिठासारखी दिसणारी, झाडाचा रस शोषणारी बारीक कीड.

कशाचे दोन थेंब, ते गोठ्यात गेल्यावर कळलं. मागच्या खरिपात कपाशीवर मारून उरलेल्या मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकाचा डब्बा झाकण ढिलं करून ठेवलेला होता. म्हणून हे लिहितो आहे. वहिनींवर राग नाही. राग आहे तो मेसेज लिहिणाऱ्यावर, आणि न वाचता पुढं ढकलणाऱ्या आपणा सगळ्यांवर.

तो मेसेज तुम्हालाही आला असेल. मला दोन दिवसांत तीनदा आला: वहिनींच्या बचत गटाकडून, शाळेच्या पालक ग्रुपवर आणि पुण्याच्या भाच्याकडून. वर ठळक अक्षरात "घरच्या झाडांवरची कीड एका रात्रीत साफ", खाली सहा उपाय. एक, लिटरभर पाण्यात चार चमचे कपडे धुण्याची पावडर. दोन, व्हिनेगर आणि मीठ. तीन, फवारा भर उन्हात, म्हणजे कीड भाजून मरते. चार, कडुनिंबाचा पाला उकळून. पाच, राख नाहीतर तंबाखूचं पाणी. आणि सहा, "कशानंच गेली नाही तर शेतातल्या औषधाचे दोन थेंब टाका, उरलेलं बाटलीत भरून ठेवा, महिनाभर चालतं." शेवटी "कृषी तज्ज्ञांचा सल्ला". कोणता तज्ज्ञ, कुठला, पत्ता नाही. जोडलेले हात मात्र चार.

मी सहाव्यापासूनच सुरू करतो. बाकीच्या पाचांनी झाडं मरतील. यानं माणूस मरेल.

कीटकनाशकाच्या डब्यावर तो तिरपा चौकोन असतो ना, तो शोभेला नाही. लाल म्हणजे सर्वात जहाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा. मोनोक्रोटोफॉसचा लाल आहे, वर कवटी काढलेली. सोबत घडी घातलेला कागद येतो, तो आपण उघडत नाही, चुलीत घालतो. त्यावर लिहिलेलं असतं की हे औषध कोणत्या पिकावर, कोणत्या किडीसाठी, एकरी किती, आणि मारल्यावर किती दिवस पीक तोडायचं नाही. 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली ही माहिती छापावीच लागते, आणि त्यात नसलेल्या पिकावर ते मारायचं नसतं. त्या कागदावर तुळस शोधून दाखवा. गोडलिंब, म्हणजे कढीपत्ता, शोधून दाखवा. भाजीपाल्यावर तर हे औषध 2005 पासून बंद आहे, आणि 2023 मध्ये केंद्र सरकारनं त्याच्या 36 टक्केवाल्या द्रावणालाच बंद करायचा आदेश काढला. जे वांग्यावर मारायची मनाई, ते तीर्थात पडणाऱ्या पानावर?

बरं, धुऊन खाऊ म्हणाल, तर तेही नाही. हे औषध आंतरप्रवाही आहे. म्हणजे ते पानावर बसून राहत नाही, पानाच्या रसात उतरतं आणि झाडभर फिरतं. म्हणून तर रस शोषणारी कीड त्यानं मरते. कपाशीचं पान कोणी खात नाही, ते चालून जातं. तुळशीचं पान आपण रोज तोडतो. पुतणीला खोकला झाला की पहिला हात वृंदावनाकडं जातो. तोडणीआधीचे दिवस मोजायचे तर तुळशीचे कसे मोजणार?

आणि "दोन थेंब" हे माप कुठलं? शेतात आपण मिलीलिटरनं मोजतो, पंपाच्या पाण्याच्या हिशोबानं. वहिनींना मी विचारलं, थेंब कशानं टाकले? त्यांनी टोपण तिरकं करून दाखवलं. एवढंसं. ते एवढंसं चमचाभर होतं.

आपण यवतमाळ जिल्ह्यात राहतो. 2017 चा हंगाम कोणी विसरलं असेल तर आठवण करून देतो. कपाशी डोक्याच्या वर गेली होती, फवारा अंगावर उलटा येत होता, हातात मोजे नाहीत, तोंडाला फडकं. विषबाधेनं जिल्ह्यात 20 हून जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो माणसं दवाखान्यात पडली. आमच्या गावातून दोघांना यवतमाळला न्यावं लागलं होतं, दोघंही वाचले. त्यातल्या एकाच्या घरूनच हा मेसेज वहिनींना आला. मी खोटं सांगत नाही.

पण मला खरा घाम फुटला तो "उरलेलं बाटलीत भरून ठेवा" वाचून. वहिनींनी ठेवलंच होतं. स्वयंपाकघराच्या कोनाड्यात, थंड्याच्या बाटलीत, खोबरेल तेलाच्या शेजारी, पुतणीचा हात पोचेल एवढ्या उंचीवर. पाण्यासारखंच दिसत होतं. 16 जुलै 2013 ला बिहारच्या सारण जिल्ह्यात, गंडामन गावच्या शाळेत मध्यान्ह भोजन खाऊन 23 लेकरं गेली. स्वयंपाकाच्या तेलात जे निघालं ते हेच, मोनोक्रोटोफॉस. विष आणि खाणं एका फळीवर आलं की काय होतं, त्याला यापेक्षा वेगळा पुरावा मला देता येत नाही, आणि देण्याची गरजही वाटत नाही.

ती बाटली आम्ही हातात पिशवी घालून उचलली, विहिरीपासून आणि गोठ्यापासून लांब खड्डा करून ओतली, बाटली चिरून त्यातच पुरली. नालीत ओतायची नाही, धुऊन पुन्हा वापरायची तर मुळीच नाही. तुळस उपटायची म्हटलं तर वहिनी आडव्या आल्या, त्या दिवशी एकादशी होती. मग वृंदावनाला जुनं लुगडं गुंडाळून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी झाड आणि वरची माती दोन्ही काढली. मंजिऱ्या शेजारच्या काकूंनी दिल्या. कुणाच्या घरी असं औषध पोटात किंवा अंगावर गेलं आणि घाम, लाळ, उलटी सुरू झाली, डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली, तर घरगुती काही करत बसू नका. अंगावरचे कपडे काढा, त्वचा धुवा, 108 ला फोन करा, आणि डब्बा सोबत न्या. डॉक्टरला नाव कळलं की उपचार लवकर सुरू होतो.

आता पावडरीचं. यात अर्धं खरं आहे, हे नाइलाजानं कबूल करतो. साबणाच्या पाण्यानं मावा, पांढरी माशी, पिठ्या ढेकूण मरतात. त्यांच्या मऊ अंगावरचं मेणासारखं आवरण साबण मोडतो. पण साबण वेगळा आणि कपड्याची पावडर वेगळी. पावडरीत सोडा असतो, आणि पानावरही मेणाचा थर असतो, तो ती तेवढ्याच इमानदारीनं काढते. वहिनींनी हा उपाय आधी जास्वंदीवर केला होता. मी पान हातात घेतलं तर कड तपकिरी, कुरकुरीत, जुन्या वहीच्या कागदासारखी मोडली. आणि पानाच्या देठाच्या बेचक्यात, जिथं फवारा पोचलाच नव्हता, तिथं पांढरे ढेकूण मजेत बसलेले.

करायचंच तर असं करा. लिटरभर पाण्यात चहाचा एक चमचा साधा पातळ साबण, त्याहून जास्त नाही. पाणी बोअरचं घेऊ नका. आपल्याकडचं पाणी जड, साबण फाटतो, वर साय धरते आणि फवाऱ्याचं नाक बुजतं. आरओच्या जारमधलं घ्या, पावसाळ्यात पागोळीचं. आधी एका पानावर मारून दोन दिवस थांबा. पान ठीक राहिलं तर पानाची खालची बाजू आणि बेचके भिजवा, आणि तासा-दोन तासानं साध्या पाण्यानं धुऊन टाका. साबण ओला असेपर्यंतच मारतो, अंड्यांना त्याचं काही होत नाही, म्हणून आठवड्यानं पुन्हा, आणि पुन्हा. "एका रात्रीत साफ" हे तिथंच संपलं.

खरं सांगायचं तर दहा-बारा कुंड्यांना फवाऱ्याचीही गरज नसते. जुना टूथब्रश घ्या. कापसाचा बोळा मेडिकलमधल्या स्पिरिटात बुडवून एकेका ढेकणावर टेकवा, पानभर पुसू नका, आणि चूल किंवा दिवा जवळ नको. कापूस तर आपल्याकडं विकत आणायचा नसतो. वहिनींनी अर्ध्या तासात जास्वंदीवरचे साठेक काढले, मोजून. तुळशीला स्पिरिट नको, तिला बोट आणि पाणी पुरतं.

मुंगळ्यांकडंही बघा. खोडावरून मुंगळ्यांची रांग वर जात असेल तर वर ढेकूण किंवा मावा आहेच. त्यांचा गोड चिकटा खायला मुंगळे येतात आणि बदल्यात त्या किडीला खाणाऱ्या ढालकिड्यांना (लेडीबर्ड बीटल) हाकलून लावतात. त्याच चिकट्यावर मग काळी बुरशी चढते आणि आपण म्हणतो पानाला रोग आला. बुरशी ओल्या फडक्यानं पुसली जाते. कुंडीखाली पाण्याची थाळी ठेवली तर अर्धे मुंगळे तिथंच अडतात.

ढालकिड्यांवरून आठवलं. कपाशी आणि जास्वंद एकाच कुळातली, म्हणून पिठ्या ढेकूण शेतातून अंगणात सहज येतो. 2006 नंतरचे दोन-तीन हंगाम देशभरच्या कपाशीवर त्यानं काय केलं ते जुन्या माणसांना ठाऊक आहे. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेत त्यावर बरंच काम झालं. त्याला आवरण्यात मोठा वाटा एका इवल्याशा परजीवी किड्याचा होता, जो ढेकणाच्या पोटातच अंडं घालतो. जहाल औषध मारलं की पहिले हे मदतनीस मरतात. आणि एक गंमत, काही ढालकिड्यांच्या अळ्या हुबेहूब पिठ्या ढेकणासारख्या पांढऱ्या लोकरीत असतात. फरक एवढाच की बोट लावलं की त्या तुरुतुरु पळतात. पळणारी दिसली तर सोडून द्या.

भर उन्हात फवारा: हे लिहिणारा विदर्भात राहत नसावा. इथं 45 अंशात माणूस भाजतो, ढेकूण मात्र पानाखाली सावलीत असतो. साबण किंवा तेल लागलेलं पान उन्हात करपतं, एवढंच होतं. फवारणी संध्याकाळी, ऊन उतरल्यावर.

व्हिनेगर आणि मीठ: व्हिनेगर लोक तण जाळायला वापरतात. मीठ कुंडीतल्या मातीत साचतं, जायला जागा नसते. यावर अजून शाई घालवत नाही. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी झाडांना घालणाऱ्यांनीही हे ऐकावं. पाणी उडून क्षार मागं राहिलेले असतात त्यात.

कडुनिंब: हे पुन्हा अर्धं खरं, आणि इथं मेसेजनं चांगल्या गोष्टीची माती केली. कीड रोखणारा अर्क पाल्यापेक्षा निंबोळीच्या बीमधल्या गरात कितीतरी जास्त असतो, आणि उकळल्यानं तो कमी होतो. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठासह सगळेच जे 5 टक्के निंबोळी अर्क सांगतात, त्याचं घरगुती माप असं: 50 ग्रॅम वाळलेल्या निंबोळीची भरड रात्रभर थोड्या पाण्यात भिजवायची, सकाळी फडक्यातून पिळायची, पाणी लिटरभर करायचं, साबणाचा थेंब टाकायचा आणि त्याच संध्याकाळी मारायचं. साठवायचं नाही. उन्हात अर्क टिकत नाही. तो झटक्यात मारतही नाही, किडीचं खाणं आणि वाढ थांबवतो, म्हणून दुसऱ्या दिवशी ढेकूण जिवंत दिसला तर चार चमचे आणखी ओतू नका. आत्ता निंबोळ्या हिरव्या आहेत, पिकून पडतील तेव्हा वेचून, साल काढून, सावलीत वाळवून ठेवा. चौकातल्या एका झाडाखाली वर्षभराचं होतं.

राख: आजी वांग्यावर कोरडी राख भुरभुरायची, थोडाफार उपयोग व्हायचा, मान्य. ओली झाली की तीच पान जाळते. तंबाखूचं पाणी म्हणजे निकोटीन, तेही विषच, आणि कातडीतून अंगात जातं. घरात खर्रा खाणारे आहेत म्हणून तंबाखू निरुपद्रवी ठरत नाही.

हे सगळं मी त्या पालक ग्रुपवर टाकलं होतं. लांब आहे म्हणून कोणी वाचलं नाही. वहिनींनी मात्र काल बचत गटाच्या ग्रुपवर एकच ओळ लिहिली: "सहावा नंबर कोणी करू नका, आमच्या घरी केला होता." तासाभरात तिघींचे फोन आले. तिघींचा प्रश्न एकच होता, मग भरून ठेवलेल्या बाटलीचं काय करायचं.