कोड मासे-दुधाने येत नाही. बांगडा बर्फात होता का, ते विचारा

‘मासे खाऊन दूध प्यायलात तर कोड फुटेल, फळं दुधात घातली की विष, मध-तूप समप्रमाणात घेतलं तर मरण.’ विरुद्ध आहाराची ही यादी चरकाच्या नावावर व्हॉट्सअ‍ॅपवर सारखी फिरते. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, २६व्या अध्यायात, मासे-दूध वर्ज्य सांगितलं आहे हे खरं. पण तिथेच पुढे असंही आहे की सवयीचं असेल, थोडं असेल, खाणारा तरुण, व्यायाम करणारा, उत्तम अग्नीचा म्हणजे चांगल्या पचनशक्तीचा असेल, तर विरुद्ध अन्न बाधत नाही. यादी पाठवणारे नेमकं हेच गाळतात.

आता कोड. त्वचेला रंग देणाऱ्या पेशींवर शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच हल्ला करते, म्हणून कोड येतं. जन्मात मासा न खाल्लेल्यांनाही ते होतं. बंगालमध्ये दह्यातला मासा, दोई माछ, घरोघरी शिजतो. पाठीवरची शिबं तर बुरशीमुळे येतात, मलमाने जातात. दूध बंद करून वाट बघत बसलं की उपचाराचे महिने वाया जातात, आमचा खरा राग यावर आहे.

‘मग मासे खाल्ल्यावर अंगावर गांधी उठल्या, त्या?’ त्या बहुतेकदा ताटातल्या दह्या-दुधाच्या नव्हेत. माशांची अ‍ॅलर्जी नसेल, तर पहिला संशय शिळ्या मासळीवर घ्या. बांगडा, तारली, सुरमई, कुपा यांच्या मांसात हिस्टिडीन हे अमिनो आम्ल भरपूर असतं. मासळी उन्हात राहिली की जिवाणू त्याचं हिस्टामिन, म्हणजे अ‍ॅलर्जीसारखी लक्षणं आणणारं रसायन, करतात. तासाभरात तोंड लाल होतं, खाज सुटते, डोकं ठणकतं. हिस्टामिन उकळून, तळून किंवा कोकम लावून जात नाही आणि वासावरूनही दरवेळी कळत नाही. म्हणून बाजारात मासळी शेवटी घ्या, किलोला किलोभर बर्फ ठेवा, घरी येताच कल्ले-आतडी काढून फ्रीजमध्ये टाका.

दूध आणि फळं: आंबट फळाने दूध फाटतं, पण पोटातलं आम्ल प्यायलेलं दूध तसंही फाडतंच, पचन तिथूनच सुरू होतं. शिकरण खुशाल खा. अडचण न शिजवलेल्या अननसाची. त्यातलं ब्रोमेलिन हे विकर (एन्झाइम) दुधातली प्रथिनं तोडतं, म्हणून दूध कडवट होतं. फोडी साखरेत पाचेक मिनिटं उकळून, गार करून घाला. पपई घातलेलं दूध लगेच प्या, ठेवलं तर तेही कडू होतं.

कलिंगडावर पाणी प्यायल्याने काही होत नाही. कलिंगडातच ९० टक्क्यांहून जास्त पाणी असतं. पोट बिघडवते ती गाड्यावर कापून उघडी ठेवलेली फोड.

मध-तुपाचं वजन सारखं झालं म्हणून विष तयार होत नाही. पंचामृतात दोन्ही असतात आणि ते तराजूत मोजून कुणी घालत नाही. मधाचा खरा धोका या यादीत येतच नाही: बाळाला मध चाटवणं. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते रुजतात आणि विष सोडतात. बारशाला बोटभर, घुटीत थेंबभर, सोन्याच्या वळ्यासोबत उगाळून, असा कसाही मध पहिल्या वाढदिवसापर्यंत नको. चाटवलाच असेल आणि बाळाला बद्धकोष्ठ झालं, रडणं क्षीण झालं, दूध ओढायला जोर पुरेना, मान लुळी पडू लागली, तर थेट रुग्णालय गाठा आणि मध दिल्याचं डॉक्टरांना आधी सांगा.