म्हणे शूटरच्या पायाखाली पाऊल टाका!

'रेफरी लपवतात ते बास्केटबॉलचे 8 नियम' हा फॉरवर्ड गेले काही दिवस सगळीकडे फिरतोय. मी दुर्लक्ष करत होतो. पण तो माझ्या भाचीच्या टीमच्या ग्रुपवर आला, कोचनी त्याला अंगठा दिला आणि तिने मला विचारलं, "मामा, हे खरंय का? सर म्हणाले, वाचून ठेवा." ती शाळेच्या 14 वर्षांखालील संघात खेळते. मी स्वतः शालेय सामन्यांना शिट्टी घेऊन उभा असतो. आता गप्प बसणं शक्य नाही.

आधी 'लपवतात' या शब्दाबद्दल. आपल्याकडे सामने फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या, नियमांनी होतात आणि फिबाचं नियमपुस्तक नेटवर फुकट मिळतं. ज्याला वाचायचं त्याने वाचावं. इथे मात्र उचलली जीभ लावली टाळ्याला.

क्रमाने जात नाही. थेट पाचव्या मुद्द्यावर येतो, कारण बाकीचे नुसते चुकीचे आहेत आणि हा मुलांचे घोटे मोडणारा आहे. तो असा: 'शूटरने उडी मारली की त्याच्या खाली पाऊल टाका. तो तुमच्यावर पडला तर चूक त्याची. रेफरी बॉलकडे बघत असतो, त्याला काही दिसत नाही.'

नियम 33.6 उघडा. जिथून उडी मारली तिथेच परत उतरण्याचा खेळाडूला हक्क आहे. दुसरीकडे उतरायचाही हक्क आहे, फक्त उडी घेताना ती जागा आणि तिथपर्यंतची वाट प्रतिस्पर्ध्याने आधीच अडवलेली नसावी. समोरचा हवेत गेल्यावर त्याच्या वाटेत शिरता येत नाही. पुढचं वाक्य तर फॉरवर्ड लिहिणाऱ्याने पाटीवर शंभरदा लिहावं: हवेतल्या खेळाडूच्या खाली सरकलात आणि स्पर्श झाला, तर तो बहुधा अनस्पोर्ट्समनलाइक (खिलाडूवृत्तीला न शोभणारा) फाउल आणि काही वेळा थेट डिसक्वालिफाइंग, म्हणजे खेळाडू लगेच सामन्याबाहेर. अनस्पोर्ट्समनलाइक म्हणजे फ्री थ्रो तर द्यायचेच, वर बॉलही त्याच संघाकडे. एका सामन्यात असे दोन झाले की खेळाडू बाहेर.

आणि 'रेफरीला दिसत नाही'? बॉल हातातून सुटला की प्रेक्षक, कोच, बाकावरची मुलं, सगळ्यांच्या माना बास्केटकडे वळतात. शूटर ज्याच्या हद्दीत आहे त्या रेफरीने मात्र नजर हलवायची नसते. बाहेरून शॉट असेल तर बहुतेकदा हे काम मागे राहिलेल्या रेफरीचं, म्हणजे ट्रेलचं. शूटरचे दोन्ही पाय जमिनीला लागेपर्यंत आणि डिफेंडर बाजूला होईपर्यंत आम्ही तिथेच बघतो. बास्केट झालं की नाही हे कित्येकदा आरडाओरड्यावरून कळतं. दोनच रेफरी असतात तेव्हा काही गोष्टी सुटतात, हे मान्य. पण सुटतं म्हणून तेच शिकवायचं?

14 मे 2017. एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगच्या वेस्टर्न कॉन्फरन्स फायनलचा पहिला सामना, कॅलिफोर्नियातलं ऑकलंड. सॅन अँटोनिओ 23 गुणांनी पुढे. त्यांच्या क्वाय लेनर्डने कोपऱ्याजवळून शॉट मारला आणि तो समोरच्या गोल्डन स्टेट संघाच्या झाझा पाचुलियाच्या पायावर उतरला. लेनर्डचा घोटा आधीच दुखरा होता, तो पुन्हा मुरगळला. लेनर्ड त्या मालिकेत परत खेळलाच नाही. सॅन अँटोनिओने तो सामना 113-111 ने गमावला आणि मालिका 4-0 ने. मुद्दाम केलं नाही, असं पाचुलिया म्हणाला, असेलही. पण पुढच्याच मोसमापासून एनबीएने रेफरींना असा फाउल रिप्लेवर पाहून फ्लॅग्रंट या जास्त गंभीर फाउलपर्यंत वाढवायची मुभा दिली. आपल्या शाळांच्या सिमेंटच्या कोर्टवर ना रिप्ले असतो, ना फिजिओ. असतो तो बर्फाचा गोळा, तोही समोरच्या रसवंतीतून आणलेला.

आता बाकीचे.

'चार्ज मिळवायचा तर डिफेंडर पुतळ्यासारखा उभा हवा.' चार्ज म्हणजे बॉलवाला डिफेंडरवर जाऊन आदळला म्हणून त्याच्यावर लागणारा फाउल. पण पुतळा? अजिबात नाही. तोंड प्रतिस्पर्ध्याकडे आणि दोन्ही पाय जमिनीवर, अशी जागा एकदा घेतली की त्याला बाजूला सरकता येतं, मागे जाता येतं, सरळ वर उडी मारता येते, धक्का बसणार म्हणून अंग वळवताही येतं. बॉल ज्याच्या हातात आहे त्याला अडवताना अंतर किती ठेवलं हेही आम्ही बघत नाही. धक्का छातीवर बसला की खांद्याच्या कडेला, हे बघतो. म्हणून तर रेफरीला पहिला धडा मिळतो की बॉलवाल्याकडे नको, डिफेंडरकडे बघ. पालक नेमके उलटं बघतात आणि मग आमच्या नावाने ओरडतात.

'तिसरं पाऊल म्हणजे ट्रॅव्हलिंग', म्हणजे बॉल हातात धरून जास्त पावलं टाकणं. तुम्ही मोजायला कुठून सुरुवात करता त्यावर आहे. फिबाने ऑक्टोबर 2017 पासून हे स्पष्ट केलंय: पळता पळता बॉल ताब्यात येतो त्या क्षणी जमिनीवर असलेलं पाऊल धरायचं नाही, त्यानंतरची दोन पावलं चालतात. गॅलरीतून ती तीन दिसतात.

'बॉल खांद्याच्या वर उसळला की कॅरी', म्हणजे ड्रिबल करताना बॉल हातात धरून नेण्याची चूक. उंचीचा काही संबंध नाही. बॉल हातात विसावला का, एवढाच प्रश्न.

'मागून उंच हात घालून रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा परतलेला बॉल) घेतला की ओव्हर द बॅक.' असा फाउल पुस्तकात नाही. ढकललं तर फाउल, नुसती उंची जास्त असणं हा गुन्हा नाही.

'रिंगखाली डिफेंडरही तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबू शकत नाही.' हा एनबीएचा नियम, 2001-02 च्या मोसमापासूनचा. आपल्याकडे तीन सेकंद फक्त आक्रमण करणाऱ्याला. टीव्ही बघून नियम शिकलं की असं होतं.

'हात हा बॉलचाच भाग, त्यावर मारलं तर फाउल नाही.' बरं, यात थोडं तथ्य आहे. बॉलला चिकटलेल्या पंजाला स्पर्श झाला तर एनबीएच्या पुस्तकात तो फाउल धरत नाहीत. पण फॉरवर्डवाल्यांचा हात कोपरापर्यंत लांबलाय. मनगटावर, दंडावर चापट बसली आणि शॉट बिघडला तर शिट्टी वाजणारच.

शेवटचा मुद्दा: 'प्रत्येक निर्णयावर वाद घाला, पुढचा निर्णय तुमच्या बाजूने लागतो.' वाद घालत राहिलात तर टेक्निकल फाउल (वागणुकीबद्दलचा) मिळतो आणि समोरच्या संघाला एक फ्री थ्रो. कोचच्या स्वतःच्या वागण्यासाठी दोनदा मिळाला तर कोच बाहेर. विचारायचंच असेल तर बॉल डेड (म्हणजे खेळ थांबलेला) आणि घड्याळ बंद असताना कॅप्टनने सभ्यपणे येऊन विचारावं, तशी सोय नियमातच आहे. भाची कॅप्टन आहे. तिला हे सगळं लिहून पाठवलंय, 33.6 च्या पानाच्या फोटोसकट, आणि तो फोटो टीमच्या ग्रुपवर टाक असंही सांगितलंय. सरांनी अजून त्याला अंगठा दिलेला नाही.