मूळ पान कुठे आहे?

मागच्या महिन्यात दादाने मला एक उतारा पाठवला. दादा म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ. शाळेतून निवृत्त झाल्यापासून माहिती अधिकाराचे अर्ज लिहिणं हाच त्याचा दिनक्रम झालाय. तालुक्यात कुणाला एखादा जीआर शोधायचा असला की लोक त्याच्याच दारात येतात. उतारा होता आमच्या भागातल्या एका माजी खासदारांच्या लोकसभेतल्या भाषणाचा. विषय पीकविमा, भाषा मराठी, मजकूर अवतरणचिन्हांत, खाली तारीख. दादाला तो एका निवेदनात घालायचा होता. "एआयने दोन मिनिटांत काढून दिलं रे. मला चार दिवस लागले असते," तो म्हणाला. "तू एकदा नजर टाक, मग छापायला देतो."

मी लोकसभेच्या कामकाजाचा वृत्तांत उघडला. तारीख बरोबर होती, विषय बरोबर होता, खासदार त्या दिवशी खरोखर बोलले होते आणि मराठीतच बोलले होते. पण त्यांच्या भाषणाला एक चांदणी लावलेली होती, आणि पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत टीप होती की हा मूळ मराठी भाषणाचा इंग्रजी अनुवाद आहे. राज्यघटनेच्या १२०व्या अनुच्छेदानुसार हिंदी किंवा इंग्रजीत नीट बोलता येत नसेल, तर सदस्याला अध्यक्षांच्या परवानगीने मातृभाषेत बोलता येतं. छापील वृत्तांतात मात्र बऱ्याचदा त्याचा अनुवादच उरतो. म्हणजे त्यांचे मराठी शब्द त्या पानावर नव्हतेच. एआय सहायकाने इंग्रजी अनुवाद वाचला, तो परत मराठीत आणला आणि त्याला अवतरणचिन्हं लावली. आशय साधारण तोच होता, पण एका ठिकाणी सरकारने विचार करावा अशी विनंती होती, तिची परतीच्या प्रवासात ठणकावून केलेली मागणी झाली होती. निवेदनात ते तसंच छापलं असतं, तर दुसऱ्या बाजूच्या एखाद्या अभ्यासू माणसाने ते नेमकं पकडलं असतं आणि दादाची पंधरा वर्षांची विश्वासार्हता एका वाक्यात गेली असती.

"मग ते खोटं बोललं का?" दादाने फोनवर विचारलं. याचं उत्तर मला लगेच देता आलं नाही. तेव्हापासून मी त्यावरच विचार करतोय.

आपल्याकडे एआयवरून जो वाद चाललाय तो मी इथे, ब्रिटनमध्ये बसून रोज वाचतो. एक बाजू म्हणते, ही यंत्रं खुशाल थापा मारतात, सरकारी कामकाजात त्यांना हात लावू नका. त्यांच्याकडे दाखले आहेत. मुंबई उच्च न्यायालयाने २०२५ मध्ये एक आयकर आकारणी आदेश रद्द केला, कारण त्यात आधाराला घेतलेले निवाडे अस्तित्वातच नव्हते. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधल्या वकिलांना चॅटजीपीटीने रचलेले निकाल कोर्टात सादर केल्याबद्दल ५,००० डॉलरचा दंड झाला. दुसरी बाजू म्हणते, आता आमदार-खासदारांचा हिशेब कुणालाही घरबसल्या मागता येईल. मी मनाने दुसऱ्या बाजूचा आहे, ठामपणे. पण दोन्ही बाजू यंत्राच्या स्वभावावरच भांडत राहतात. ते यंत्र ज्या कागदांवर काम करतं त्या कागदांची अवस्था काय आहे, याबद्दल फारसं कुणी बोलत नाही.

इथे राहायला लागल्यावर कागदांच्या अवस्थेतला फरक मला पहिल्यांदा जाणवला. माझा पासपोर्ट भारतीय आहे. तरी राष्ट्रकुल देशाचा नागरिक म्हणून मला इथल्या संसदेच्या निवडणुकीत मत देता येतं. भारतात मतदार यादीत नाव घालता येतं, पण मत द्यायला स्वतः त्या केंद्रावर हजर राहावं लागतं, आणि ते मला आजवर जमलेलं नाही. त्यामुळे गावाकडच्या सार्वजनिक आयुष्याशी माझा उरलेला धागा म्हणजे नोंदी. विधानसभेत काय विचारलं गेलं, अर्थसंकल्पात काय ठेवलं गेलं, कॅगने काय म्हटलं, हे वाचणं. हौस म्हणून नाही, दुसरं काही हातात नाही म्हणून.

इथल्या संसदेचा वृत्तांत, ज्याला हॅन्सार्ड म्हणतात, सदस्य बोलल्यानंतर साधारण तीन तासांत संकेतस्थळावर येतो. प्रत्येक भाषणाला, अगदी मध्येच उठून विचारलेल्या एका वाक्याच्या प्रश्नालाही, स्वतःचा पत्ता असतो. त्यावर बोट ठेवलं की नेमका तोच परिच्छेद उघडतो. जुने खंड १८०३ पासूनचे शोधता येतात. मतविभागणी झाली की कोण कुठल्या बाजूला गेलं त्याची नावानिशी यादी लागते. या सामग्रीवर २००४ पासून 'दे वर्क फॉर यू' नावाचं एक संकेतस्थळ स्वयंसेवी वृत्तीने चाललंय. एआय येण्याच्या कितीतरी आधी तिथे सामान्य माणूस आपल्या खासदाराचं नाव टाकून त्याची मतं वाचत होता.

आता एआय सहायकाने इथे केलेली एक चूक सांगतो. असाध्य आजाराने शेवटच्या टप्प्यावर असलेल्या प्रौढांना जीवन संपवण्यासाठी वैद्यकीय मदत मिळावी, असं एक विधेयक इथे आलं. पक्षादेश नव्हता, प्रत्येकाने सद्सद्विवेकाने मत द्यायचं होतं. आमच्या खासदारांनी काय केलं हे मी सहायकाला विचारलं. त्याने सांगितलं की जून २०२५ मध्ये विधेयक ३३० विरुद्ध २७५ मतांनी पुढे गेलं. हे आकडे खरे आहेत, पण ते नोव्हेंबर २०२४ मधल्या दुसऱ्या वाचनाचे. जूनमध्ये तिसऱ्या वाचनाला ३१४ विरुद्ध २९१ अशी मतं पडली होती, म्हणजे अंतर ५५ वरून २३ वर आलं होतं. काहींनी मत बदललं होतं, आणि माझा प्रश्न नेमका तोच होता. सहायकाने खाली दुवा दिला होता. मी तो उघडला, तारीख पाहिली, चूक कळली. अर्धा मिनिट लागला असेल.

तो अर्धा मिनिट मला फार मोलाचा वाटतो. यंत्र इथेही चुकतं, तितकंच चुकतं. पण इथे चूक पकडायला जागा आहे.

हाच प्रश्न मी आपल्याकडच्या खासदारांबद्दल विचारला. २० सप्टेंबर २०२० रोजी राज्यसभेत कृषी विधेयकं मंजूर झाली, तेव्हा अमुक सदस्यांनी कसं मत दिलं? सहायकाने ठामपणे उत्तर दिलं: बाजूने. कशावरून, असं खोदून विचारल्यावर कळलं की त्यांचा पक्ष बाजूने होता म्हणून. त्या दिवशी विरोधकांनी मतविभागणी मागितली होती, पण विधेयकं आवाजी मतदानाने मंजूर झाली. कुणी 'हो' म्हटलं, कुणी 'नाही' म्हटलं, याची नावानिशी नोंदच नाही. या प्रश्नाचं एकच प्रामाणिक उत्तर आहे: नोंद नाही. आणि ते उत्तर देणं या सहायकांना सगळ्यात जड जातं. रिकामी जागा दिसली की ती भरायची, हा त्यांचा घडणीतलाच दोष आहे. पण ती जागा रिकामी आपण ठेवली आहे. पक्षांतरबंदी कायद्यामुळे पक्षादेश मोडणं अवघड झालंय हे खरं, पण म्हणून मताची नोंदच नको, असं त्यातून निघत नाही.

महाराष्ट्राच्या नोंदींकडे आलो की मला अधिक वाईट वाटतं, कारण आपलं विधिमंडळ मराठीत चालतं. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, पुरवणी मागण्यांवरची चर्चा, सगळं मराठीत. कायद्याबद्दल, पाण्याबद्दल, जमिनीबद्दल इतकं बोललेलं मराठी दुसरीकडे कुठे साठलेलं असेल? रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने १९७७ मध्ये केला, देशाने तसा कायदा २००५ मध्ये केला. या सभागृहांत झालेला विचार देशाच्या कामी आलेला आहे. पण ती पानं शोधायला गेलं की अनेकदा समोर येतं ते स्कॅन केलेलं चित्र, नाहीतर युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांना समजणारी अक्षरपद्धत, येण्याआधीच्या फॉन्टमधली फाइल. अशा फाइलमधलं वाक्य उचलून दुसरीकडे चिकटवलं की अक्षरांच्या जागी कंस, स्वल्पविराम आणि रोमन अक्षरांचा लगदा पडतो. आपल्या डोळ्यांना पानावर 'सिंचन' दिसतं, यंत्राला तिथे काहीच दिसत नाही. काही ठिकाणी माथ्यावर 'असुधारित प्रत' असं छापलेलं असतं, म्हणजे अजून तपासणी व्हायची आहे. सहायक ही ओळ गाळूनच सारांश देतो.

आकडेवारीतले सापळे वेगळे. दादाच्या एका मित्राने २०११ च्या जनगणनेतली पालघर जिल्ह्याची लोकसंख्या विचारली. पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ ला. २०११ च्या तक्त्यात तो ठाण्यातच आहे, आणि त्या अखंड ठाण्याची लोकसंख्या सुमारे १ कोटी १० लाख होती. पालघरचा आकडा हवा तर तालुक्यांची बेरीज करावी लागते. सहायकाने बेरीज केली की कुठूनतरी उचललं, हे उत्तरावरून कळत नव्हतं. तसंच नावांचं. छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर या नावांनी जुने वृत्तांत शोधले तर दहा वर्षांपूर्वीचं काहीच हाती लागत नाही, आणि सहायक भाबडेपणाने सांगतो की त्या जिल्ह्याबद्दल सभागृहात प्रश्न विचारला गेला नव्हता. जुनं आणि नवं, दोन्ही नावं द्या, असं मी आता प्रत्येकाला सांगतो.

पैशांच्या बाबतीत तर मी हट्टच धरतो. अर्थसंकल्पात एकाच योजनेसमोर अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च असे वेगवेगळे रकाने असतात. २०२३-२४ चा प्रत्यक्ष खर्च २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात दिसतो. सहायकाला नुसतं 'किती पैसे दिले' असं विचारलं, तर तो बहुधा घोषणेचा आकडा देतो, कारण बातम्यांत तोच सगळीकडे असतो. कुठला रकाना, कुठल्या वर्षाचं पुस्तक, कुठलं पान, हे विचारल्याशिवाय तो आकडा कुणाच्या तोंडावर फेकू नये.

आपल्याला हे जमत नाही असं मात्र मला कुणी सांगू नये. शासन निर्णय काढा कुठलाही. शेवटी लिहिलेलं असतं की हा निर्णय संकेतस्थळावर उपलब्ध असून त्याचा संकेतांक अमुक आहे आणि तो डिजिटल स्वाक्षरीने साक्षांकित केला आहे. अठरा आकडी संकेतांक, सुरुवातीलाच तारीख. तालुक्यातल्या लिपिकापासून मंत्रालयापर्यंत सगळे त्या आकड्यावर विश्वास ठेवतात. जीआरला जे मिळालं ते सभागृहातल्या प्रत्येक प्रश्नाला आणि प्रत्येक भाषणाला का मिळू नये? युनिकोड मराठीत मजकूर, प्रत्येक भाषणाला कायमचा क्रमांक, आणि खासदार मराठीत बोलले असतील तर अनुवादाशेजारी त्यांचे मूळ मराठी शब्द. इतकंच मागणं आहे. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४ तर सांगतंच की कुणी अर्ज करण्याची वाट न बघता माहिती स्वतःहून प्रसिद्ध करा.

आणि माहिती अधिकाराच्या बाबतीत आपण ब्रिटनच्या मागे नाही, हे मी इथल्या मित्रांना अभिमानाने सांगतो. दोन्ही देशांत हा हक्क २००५ मध्येच प्रत्यक्षात आला. आपल्या कायद्यात तर चालू कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे नमुने घेण्याचाही हक्क आहे. रस्त्याच्या डांबराचा नमुना मागता येतो. लढून मिळवलेला इतका मोठा हक्क हाताशी असताना, सभागृहातलं भाषण मात्र वाचता न येणाऱ्या फॉन्टमध्ये पडून राहावं, हे मला सहन होत नाही.

दादाच्या निवेदनाचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. मी त्याला म्हटलं की अवतरणचिन्हं काढून नुसता आशय दे आणि अनुवाद असल्याचं लिही. त्याला ते पटलं नाही. संसदेच्या संकेतस्थळावर कामकाजाच्या चित्रफिती असतात, त्यात तो दिवस सापडतो का ते आम्ही पाहिलं. सहायकाला विषय आणि तारीख दिली, त्याने बैठकीचा अंदाजे भाग सांगितला, आणि तो अंदाज बराचसा बरोबर निघाला. मग दादाने तीन रात्री कानाला हेडफोन लावून, थांबवत, मागे नेत, खासदारांचं एकेक वाक्य वहीत उतरवलं. चौथ्या दिवशी पहाटे त्याने वहीच्या पानाचा फोटो पाठवला. समासात, प्रत्येक वाक्यासमोर, मिनिट आणि सेकंद लिहिलेले होते.