धाप लागणाऱ्या पेशंटला चालवायचं कोणी?

2025 चं वर्ष आपल्याकडे आरोग्य खात्यात भांडणाचंच गेलं. जुलैत कंत्राटी भरतीच्या विरोधात नर्सेसचा संप झाला, सप्टेंबरमध्ये सीसीएमपी (आधुनिक औषधांचा सर्टिफिकेट कोर्स) केलेल्या होमिओपॅथी डॉक्टरांची नोंद महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलमध्ये करायला विरोध म्हणून ॲलोपॅथीवाले संपावर गेले, आणि त्याच महिन्यात फिजिओंनी (फिजिओथेरपिस्ट) नावाआधी डॉक्टर लावायचं का यावर दिल्लीहून एक पत्र निघालं आणि लगेच मागेही घेतलं गेलं. आमच्या नर्सिंग बॅचच्या ग्रुपवर हे सगळं अजून चालू आहे. मी इंग्लंडमध्ये मिडलँड्सला कम्युनिटी रेस्पिरेटरी टीममध्ये, म्हणजे हॉस्पिटलबाहेर श्वासाचे पेशंट बघणाऱ्या टीममध्ये, नर्स आहे, रोज सीओपीडीचे, म्हणजे फुफ्फुसाच्या कायमच्या धापेच्या आजाराचे पेशंट बघते, त्यामुळे वाचताना एक गोष्ट सारखी खटकते. भांडण सगळं औषध लिहायचं कोणी, पाटी लावायची कोणी यावर आहे. पेशंटला उठवून चालवायचं कोणी, हे कोणी विचारतच नाही.

नर्सेसचा संप मला शंभर टक्के पटला होता, कंत्राटावरच्या सिस्टरचे हाल मी जवळून पाहिलेत. पण सीओपीडी या एका आजारापुरतं बोलायचं तर औषध लिहायच्या हक्कावरून भांडून फार काही हाताला लागणार नाही. इथे 2006 पासून वेगळा कोर्स केलेल्या नर्सना जवळपास सगळी औषधं लिहिता येतात, मीही लिहिते. तरी पेशंटच्या रोजच्या जगण्यात सगळ्यात जास्त फरक मला पडलेला दिसतो तो आठवड्यातून दोनदा होणाऱ्या व्यायामाच्या वर्गाने, पल्मनरी रिहॅब म्हणतात ते.

हे काय असतं ते सांगते. सहा ते आठ आठवडे, आठवड्याला दोन सेशन, दहाबारा लोकांचा ग्रुप, जागा म्हणजे चर्चचा हॉल नाहीतर कम्युनिटी सेंटर. आमच्याकडे एक नर्स आणि एक फिजिओ मिळून चालवतात. आधी तपासणी करायची, हृदयाचा काही त्रास आहे का, गुडघे कसे आहेत, पंप (इनहेलर) नीट ओढतात का (अर्ध्याहून जास्त लोक चुकीचा ओढतात असं माझं मत झालंय, वर्षानुवर्षं वापरणारेसुद्धा). मग खेळाच्या मैदानावर ठेवतात तसे दोन शंकू (कोन) ठेवून दहा मीटरची फेरी आखायची आणि बीपच्या तालावर चालवायचं, दर मिनिटाला वेग वाढतो. ही शटल वॉक टेस्ट आमच्या मिडलँड्समधल्या लेस्टरमध्येच 1992 साली तयार झाली. तीत पेशंट कुठवर पोचतो त्यावरून त्याचा वर्गातला चालण्याचा वेग ठरतो, आणि तो असा ठरवायचा की धाप लागली पाहिजे, पण पेशंट घाबरता कामा नये. शिवाय खुर्चीतून उठबस, हातात थोडं वजन, दोन पायऱ्या चढउतार, आणि शेवटी अर्धा तास बोलणं, त्यात ओठ चंबू करून श्वास कसा सोडायचा, दुखणं वाढायला लागलं तर पहिल्या दिवशी काय करायचं.

फुफ्फुसं याने सुधारत नाहीत. फुंकायच्या मशिनवरचा आकडा होता तिथेच राहतो. सुधारतात ते पाय. धाप लागते म्हणून माणूस बसून राहतो, बसून राहिला की मांड्या बारीक होतात, बारीक मांड्यांना तेवढ्याच कामाला जास्त श्वास लागतो, आणि मग संडासपर्यंत जायलाही दम लागतो. व्यायामाने हे चक्र उलटं फिरतं. 2015 मध्ये कॉक्रेनने, म्हणजे उपचारांवरचं संशोधन एकत्र करून तपासणाऱ्या संस्थेने, 65 ट्रायल एकत्र करून पाहिल्या आणि फायदा इतका स्पष्ट निघाला की नेहमीच्या उपचाराशी तुलना करणाऱ्या आणखी ट्रायल आता नकोत, हे लोकांपर्यंत पोचवायचं कसं ते बघा, असं सांगितलं गेलं.

माझ्या ग्रुपमध्ये एक आजोबा होते, कोलव्हिलच्या बाजूच्या कोळसा खाणीत काम केलेले. पहिल्या दिवशी तिसऱ्या लेव्हलला थांबले, दोन्ही हात गुडघ्यावर, खांदे वर, आणि पहिलं वाक्य काय तर आता मी मरणार का. मी शेजारी उभी राहिले, ऑक्सिमीटर बोटाला लावला, आकडा त्यांनाच दाखवला, आणि म्हटलं बघा, धाप लागली आहे पण धोका नाही, मिनिटभरात उतरेल. उतरली. तो विश्वास बसायला तीन आठवडे लागले, पण त्यानंतर त्यांना मी थांबवायचे, ते थांबायचे नाहीत. हे शेजारी उभं राहणं नर्सचंच काम आहे असं मला मनापासून वाटतं. धापेने घाबरलेल्या माणसाला तिने वॉर्डात रात्री-अपरात्री सांभाळलेलं असतं, कधी थांबवायचं आणि कधी पुढे न्यायचं हे तिला कळतं.

आता आमच्या बॅचच्या ग्रुपवर मी हे लिहिलं तर एका मैत्रिणीचं उत्तर आलं, ती तालुक्याच्या रुग्णालयात स्टाफ नर्स आहे, "अगं, इथे अख्खा वॉर्ड एका सिस्टरच्या भरवशावर, आणि तू व्यायामाचे वर्ग घ्यायला सांगतेस?" तिचं बरोबर आहे. वॉर्डातल्या सिस्टरवर हे काम लादलं तर ते कागदावरच होईल. आणि इकडेही सगळं आलबेल नाहीये, वेटिंग लिस्ट लांब आहे, नाव पाठवलेल्यांपैकी बरेच जण येतच नाहीत, बस मिळत नाही, थंडीत बाहेर पडवत नाही, वर्ग अर्धवट सोडणारे तर नेहमीचेच.

पण आपल्याकडे माणूस अजिबातच नाही असंही नाही. आयुष्मान आरोग्य मंदिरात म्हणजे उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी असतात, त्यात बीएससी नर्सिंग केलेले आहेत, बीएएमएसही आहेत. राष्ट्रीय असंसर्गजन्य आजार कार्यक्रमात 2023 पासून सीओपीडी आणि दमाही धरलेत. म्हणजे पद आहे, कार्यक्रम आहे. ऑक्सिमीटर तर कोरोनात माझे कुटुंब माझी जबाबदारी मोहिमेत घरोघरी फिरले, ते कुठल्यातरी कपाटात असतीलच. दोन कोन, चार खुर्च्या, पाण्याच्या बाटल्यांची वजनं, आणि समाजमंदिर. मला तरी यात न परवडणारं काही दिसत नाही.

मात्र इथलं आहे तसं उचलून तिथे ठेवू नका. माझे इथले पेशंट बहुतेक सिगरेटवाले, आपल्याकडे जन्मभर चुलीपुढे बसलेल्या, कधी विडीला हात न लावलेल्या बायका आहेत, टीबी बरा झाला पण दम राहिला असे लोक आहेत. पुण्याचे छातीरोगतज्ज्ञ डॉ. संदीप साळवी हे सिगरेट न ओढणाऱ्यांच्या सीओपीडीबद्दल किती वर्षं सांगतायत. अशा बाईला आठवड्यातून दोनदा तालुक्याला ये म्हटलं तर ती येणार नाही, खुरपणीच्या दिवसांत तर नाहीच. तिच्यासाठी पहिली तपासणी आणि दोनतीन सेशन उपकेंद्रात, बाकी घरी, मंदिराला किती फेऱ्या मारायच्या ते ठरवून, आणि आशाताईंनी आठवड्याला जाऊन विचारायचं, असं काहीतरी करावं लागेल. साडी नेसून उठबस होते, त्यासाठी वेगळे कपडे लागत नाहीत. घरच्यांनाही एकदा समोर बसवून सांगायला हवं, कारण आई दमली की सून म्हणते तुम्ही बसा, मी करते, आणि त्या प्रेमानेच मांड्या जातात.

फिजिओ म्हणतील हे आमचं काम, आणि आराखडा त्यांनीच करावा, जिल्हा रुग्णालयातून महिन्याला एकदा येऊन बघावंही. पण प्रत्येक उपकेंद्राला फिजिओ मिळेपर्यंत थांबायचं का? आमच्याकडे नर्स कुठे थांबेल आणि फिजिओ कुठून घेईल हे एका पानावर लिहिलेलं आहे, त्यावरून भांडण झालेलं मी पाहिलं नाही. तसं एक पान मराठीत लिहून एखाद्या जिल्ह्याने दोनतीन उपकेंद्रांत सुरू करावं, समुदाय आरोग्य अधिकाऱ्याच्या इन्सेन्टिव्हमध्ये हे काम धरावं, म्हणजे फुकटची हमाली होणार नाही. व्यायामाची बॅच गणपतीनंतर लगेच घ्यावी, कारण थंडी सुरू झाली की हेच पेशंट धाप घेऊन कॅज्युअल्टीत येतात.