आर्मेनियन चर्चवाला तो फॉरवर्ड: जरा सालं तरी बघा

कोलकात्याच्या आर्मेनियन चर्चचा फोटो आणि खाली तीच गोष्ट, तिसऱ्यांदा आली ग्रुपवर. गोष्ट काय तर १९१५ ला तुर्कांनी आर्मेनियन लोकांची कत्तल केली, तिथून पळालेले निर्वासित इंग्रजांनी इकडे आणले, त्यांना चर्च बांधून दिलं आणि धर्मांतराच्या कामाला जुंपलं. कत्तल झाली हे खरंच आहे हो, प्रश्न बाकीच्याचा आहे.

फोटोतलं होली नाझरेथ चर्च १७२४ चं आहे. १९१५ च्या १९१ वर्षं आधीचं! प्लासीची लढाईच १७५७ ची. काही लोक याहून जुना पुरावा म्हणून आवारातला रेझाबीबी नावाच्या आर्मेनियन बाईच्या थडग्याचा दगड दाखवतात, त्यावर १६३० साल वाचलं जातं, पण त्या वाचनावर शंका घेतली गेलीय, म्हणून मी तो धरत नाही. त्याच्यावाचून काही अडतही नाही.

बरं, हे लोक आले कुठून तर इराणातून. इराणचा बादशहा शाह अब्बासने १६०४-०५ च्या सुमाराला अरास नदीकाठचं जुल्फा गाव उठवलं, माणसं इस्फहानला नेऊन बसवली, तिथे नवं जुल्फा वसलं आणि तिथले व्यापारी रेशमाचा धंदा करत कुठे कुठे पोचले. सुरतेत त्यांचं कब्रस्तान आजही आहे. म्हणजे घरदार सुटलेले होतेच, पण ते तीनशे वर्षं आधी, आणि इकडे आले तोवर चांगले शेटजी झाले होते.

'इंग्रजांनी बांधून दिलं' यात मात्र थोडं तथ्य आहे आणि तेच मला सगळ्यात मजेशीर वाटतं. १६८८ ला लंडनमध्ये खोजा पानोस कलंदर नावाच्या आर्मेनियन व्यापाऱ्याने ईस्ट इंडिया कंपनीशी करार केला. त्यात असं होतं की कंपनीच्या कुठल्याही गावात ४० किंवा जास्त आर्मेनियन राहायला आले की कंपनी जागा देणार, लाकडी चर्च उभारणार आणि पाद्र्याला सात वर्षं सालाला ५० पौंड देणार. का? तर त्यांचा माल कंपनीच्या जहाजांवरून जावा म्हणून. सरळ धंद्याचा हिशोब. आणि क्रम बघा ना, आधी ४० माणसं मग चर्च, मिशनरी लोकांचं बरोब्बर उलटं असतं, आधी पाद्री येतो मग माणसं जमवतो.

धर्मांतराचं तर बोलूच नका. कंपनीलाच मिशनरी नको असायचे, धंद्याला त्रास नको म्हणून, १८१३ च्या चार्टरने, म्हणजे कंपनीच्या नव्या सनदेने, त्यांना दार उघडलं. त्याआधी विल्यम केरीसारख्या नावाजलेल्या मिशनऱ्याला सुद्धा कोलकात्याजवळ डॅनिश लोकांच्या ताब्यातल्या सेरामपूरला जाऊन राहावं लागलं. आणि आर्मेनियन लोकांची प्रार्थना ग्राबारमध्ये, म्हणजे पाचव्या शतकातल्या जुन्या आर्मेनियन भाषेत! कोलकात्याच्या बडा बाजारातल्या माणसाला त्यातलं काय कळणार आणि तो कशाला बाटणार. हे चर्च ना रोमचं ना इंग्लंडचं, नाताळ पण ६ जानेवारीला.

आपल्या मुंबईत फोर्टात मेडोज स्ट्रीटवर त्यांचं सेंट पीटर्स आहे, मूळचं १७९६ चं, आत्ताची इमारत १९५७ ची. तिथे आता प्रार्थनेला येतात केरळचे सीरियन ख्रिश्चन, कारण आर्मेनियन माणसंच उरली नाहीत. इतकी धर्मांतरं केली असती तर बाकं भरायला मल्याळी मंडळी कशाला लागली असती?