टक्केवारी सांभाळा, मॅच काय होतच राहतात

मालवणपासून दापोलीपर्यंत तुम्ही कुठेही बास्केटबॉल खेळत असाल, तर आधी तुमचं अभिनंदन. दोन माडांच्या मध्ये हातभर जागा दिसली की जिथे पोरं अंडरआर्म क्रिकेटचे स्टंप रोवतात, तिथे तुम्ही 3.05 मीटर उंचीवरच्या गंजक्या रिंगकडे बघत तारुण्य घालवायचं ठरवलंत. खाऱ्या हवेत रिंग टिकत नाही, जाळी पहिल्या पावसात जाते, पुढे गणपती होईपर्यंत कोर्टवर शेवाळ. अशा ठिकाणी मेहनत करून कोणाचं भलं झालंय? तुम्ही आपली टक्केवारी कमवा.

मारलेल्या शॉटपैकी किती गेले, तो हा आकडा. तो तुमच्या नावापुढे लिहिला जातो म्हणून तुमचाच, असं लोक धरून चालतात. त्यांना तसंच चालू द्या.

पहिलं काम म्हणजे सोबती बघून घ्या. नेमाचा सराव नंतर केलात तरी चालेल, नाही केलात तरी चालेल. एनबीए, म्हणजे अमेरिकेतली बास्केटबॉलची मोठी लीग, तिथे ॲलन आयव्हर्सनने 2001-02 मध्ये फिलाडेल्फियासाठी मॅचमागे 31.4 गुण काढले, टक्केवारी मात्र 39.8. बाकीच्यांकडून फारशी भीती नव्हती, त्यामुळे समोरची अख्खी टीम ह्या सहा फुटी गड्याच्या मागावर. पुढे तो डेन्व्हरला गेला, तिथे शेजारी कार्मेलो अँथनी, तोही ढिगाने गुण काढणारा. 2007-08 मध्ये, वयाच्या 32 व्या वर्षी, गुण 26.4 वर उतरले आणि टक्केवारी 45.8 वर चढली. म्हातारपणी हात सुधारला म्हणता? अंगावरची गर्दी पांगली हो.

आपल्याकडे सोबत्यांचा प्रश्न जरा नाजूक आहे. जो बरा खेळतो त्याला मुंबईत नोकरी लागते. मग मागे उरलेल्याने काय करायचं? रसेल वेस्टब्रुकला विचारा. 2016 च्या उन्हाळ्यात केव्हिन ड्युरँट ओक्लाहोमा सोडून गोल्डन स्टेटला गेला. ड्युरँटची टक्केवारी 50.5 ची 53.7 झाली, कारण तिथे लांबून नेम धरणाऱ्या स्टीफन करीला मोकळं सोडायची कोणाची छाती नव्हती. इकडे घर सांभाळायला राहिलेल्या वेस्टब्रुकची 45.4 ची 42.5. बिचाऱ्याने त्याच हंगामात मॅचमागे 31.6 गुण काढले आणि सर्वोत्तम खेळाडूचा किताबही घेतला. पण तुम्हाला किताब थोडाच हवाय? शहाणे असाल तर स्पर्धा मे महिन्यातच ठेवा, चाकरमानी गावाला असताना. दादरहून आलेला मावसभाऊ दोघांना अंगावर ओढून घेतो, तुम्ही कोपऱ्यात मोकळे उभे. जूनमध्ये तो परत गेला की तुमचा गुडघा दुखायला लागू द्या, थेट पुढच्या मेपर्यंत.

दुसरं, काम सोपं मागून घ्या. रिंगखाली उभं राहण्याइतकी अब्रूची जागा नाही. डिआंड्रे जॉर्डनने 2014-15 मध्ये एनबीएत सगळ्यांत जास्त, 71 टक्के शॉट घातले. बहुतेक शॉट म्हणजे हवेत आलेला बॉल रिंगमध्ये कोंबणे. हवेत सोडणारा बहुतेक वेळा क्रिस पॉल, त्या हंगामात सर्वाधिक असिस्ट, म्हणजे बास्केट होणारे पास, देणारा. हाच जॉर्डन फ्री थ्रोला एकटा उभा राहिला, समोर हात आडवा घालणारं कोणी नाही, तेव्हा दहातले चारसुद्धा धड जात नव्हते: 39.7 टक्के. तरी यादीत पहिलं नाव त्याचंच. तुमचा लांबून नेम लागत नसेल तर जिवाला लावून घेऊ नका. लांबून मारूच नका.

आता सोबत्यांना कसं वागवायचं ते. आमच्या कोर्टवर ट्रॉलरवर जाणारा एक पोरगा आहे, तो स्क्रीन लावतो. पाय फाकवून, हात छातीशी धरून उभा राहतो. तुमच्या मागे धावणारा त्याच्या छातीवर धाडकन आदळतो आणि तेवढ्यात तुम्ही सुटता. तुम्ही बास्केट घातलंत की टेबलावर तुमच्या नंबरापाशी रेघ पडते. त्याच्या ओळीत मॅच संपेपर्यंत काय, तर तीन फाउल. रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून मोठं जाळं ओढताना, ज्याने दोराला हात लावला त्याला वाटा मिळतो. इथे वरचा मासा ज्याने उचलला, रापण त्याची. गोल्डन स्टेटच्या क्ले थॉम्पसनने डिसेंबर 2016 मध्ये 29 मिनिटांत 60 गुण काढले आणि सगळ्या मॅचमध्ये बॉल जमिनीवर आपटला फक्त अकरा वेळा. बॉल सांभाळणं, वाट काढणं, स्क्रीन लावणं, ही कामं बाकीच्यांनी केली. आकडा 60 च लक्षात राहतो. ट्रॉलरवाल्याला मॅचनंतर एक सोडा पाजा. जास्त कौतुक नको, उद्या तोही शॉट मागायचा.

हिशेबाचंही बघून ठेवा. नेहमीच्या स्कोअरशीटवर गेलेले बास्केट चढतात, हुकलेल्यांना जागाच नाही. म्हणजे कागदावर तुम्ही शंभर टक्के. तरी कोणी मोबाईलवर टिपणार असेल, तर त्या कामाला आपला आतेभाऊ बसवा. त्याला हेही सांगा की शॉट मारताना फाउल मिळाला आणि बास्केट गेलं नाही, तर तो शॉट मोजत नाहीत. हे मात्र नियमातच आहे, बाकीचं तो बघून घेईल.

शेवटचं आणि सगळ्यांत महत्त्वाचं. शॉट मारायला मिळणारे 24 सेकंद संपत आले की बॉलच्या आसपास फिरकू नका. एरवी ‘माका दी रे, माका दी’ म्हणून घसा कोरडा करणारे तुम्हीच. टेबलावरून ‘पाच, चार’ ऐकू आलं की खाली वाकून बुटाची नाडी बांधायला घ्या. त्या वेळचा शॉट वाईटच असतो आणि कोणीतरी मारावाच लागतो. क्वार्टर संपताना अर्ध्या कोर्टवरून बॉल भिरकवायला एनबीएतले मोठमोठे खेळाडूही कचरायचे. भोंगा वाजेपर्यंत बॉल हातात धरायचा आणि मग सोडायचा, म्हणजे मोजला जाऊ नये. शेवटी 2025-26 पासून तिथे नियमच केला: पहिल्या तीन क्वार्टरच्या शेवटच्या तीन सेकंदांत, आपल्या अर्ध्यातून सुरू झालेल्या चालीत 36 फूट किंवा त्याहून लांबून मारलेला शॉट हुकला तर खेळाडूच्या नाही, टीमच्या नावावर. आपल्याकडे हा नियम यायची वाट बघू नका. टीममध्ये नववीतला एखादा धाकटा असतोच, घड्याळ संपताना बॉल त्याच्याकडे द्या. तो बिचारा खरंच मारतो. आणि बॉल रिंगला न लागता कुंपणापलीकडच्या आंब्याखाली गेला, की जवळ जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवा आणि बेंचला ऐकू जाईल इतक्या आवाजात सांगा, ‘बाबू, शॉट जरा बघून मारत जा हां.’